कौटुंबिक उपासनेतून जन्मलेले भाष्य
बायबलचे भाष्यकार मॅथ्यू हेन्री यांचे जीवन

एखाद्या वडीलधाऱ्या पाळकांचे पुस्तकांचे कपाट आपण कधी न्याहाळले असेल, तर जाड बांधणीचा एक इंग्रजी ग्रंथ कदाचित आपल्या दृष्टीस पडला असेल. कोठे त्याचे सहा खंड असतात, तर कोठे लेस्ली चर्च यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केलेली एकाच खंडाची संक्षिप्त आवृत्ती असते. ग्रंथकर्त्याचे नाव मॅथ्यू हेन्री. विवाहविधीच्या उपदेशात आपण ऐकले असेल की, देवाने हव्वेला आदामाच्या डोक्यापासून किंवा पायापासून न घडवता त्याच्या कुशीतून घडविले, यात काही अर्थ आहे. हा विचार मॅथ्यू हेन्रींच्याही पूर्वीचा, मध्ययुगीन शिक्षकांचा आहे. परंतु असंख्य उपदेशकांच्या मुखी तो आला तो हेन्रींच्या भाष्यामुळे.

ज्यांच्या शब्दांचा आपण नकळत उपयोग करतो, त्यांचे जीवन आपणांस ठाऊक असावे हे योग्य आहे. शिवाय या जीवनात आपल्या घरांसाठी एक प्रश्न दडलेला आहे. एवढा मोठा ग्रंथ कोणत्याही विद्यापीठात लिहिला गेला नाही. त्याच्या कर्त्यास विद्यापीठाची पायरी चढता आली नाही. मग हे ज्ञान आले कोठून?

बंद दारांचा काळ

१६६२ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने एकरूपतेचा कायदा केला. चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकातील प्रत्येक गोष्टीस संमती द्यावी, ज्यांना बिशपांकडून दीक्षा मिळालेली नाही त्यांनी ती नव्याने घ्यावी, नाहीतर सेवेचे स्थान सोडावे, असा तो कायदा होता. त्या वर्षीच्या २४ ऑगस्टपर्यंतची मुदत होती. या कायद्यामुळे व त्याआधीच्या दोन वर्षांतील घडामोडींमुळे मिळून सुमारे २,००० पाळक आपापल्या मंडळ्यांतून बाहेर पडले.

फिलिप हेन्री हे त्यांच्यापैकी एक. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, शांत स्वभावाचे आणि वादाची आवड नसलेले हे गृहस्थ वर्थनबरी या गावी सेवा करीत असत. ती सेवा संपली, तेव्हा ते पत्नीच्या माहेरच्या शेतावरील ब्रॉड ओक नावाच्या घरी राहावयास आले. वेल्स व इंग्लंड यांच्या सीमेवर, फ्लिंटशर परगण्यात हे घर होते. तेथे येऊन थोडेच दिवस झाले असता, १८ ऑक्टोबर १६६२ रोजी मॅथ्यूचा जन्म झाला. मूल दिवस भरण्याआधीच जन्मले व अशक्त होते. त्याचा थोरला भाऊ जॉन पुढे बालवयातच गोवराने दगावला. मॅथ्यूच्या पाठीवर चार बहिणी झाल्या. अशक्त मुलगा, चार मुली आणि ज्याला व्यासपीठ उरले नाही असा बाप, असे ते कुटुंब होते.

पुढील काही वर्षांत आणखी कायदे आले. राजमान्य उपासनेखेरीज घरच्या माणसांव्यतिरिक्त चारांहून अधिक लोक उपासनेसाठी जमले तर शिक्षा होत असे. बाहेर काढलेल्या पाळकाने आपल्या जुन्या मंडळीच्या पाच मैलांच्या आत राहू नये, असाही नियम झाला. फिलिप हेन्री यांना १६८५ साली सुमारे तीन आठवडे चेस्टरच्या किल्ल्यात कैदेत काढावे लागले.

ब्रॉड ओकचे घर

व्यासपीठ गेले, परंतु घर उरले होते. फिलिप हेन्री यांनी घरालाच मंडळी केले. दररोज सकाळी व सायंकाळी मुले आणि नोकरचाकर एकत्र जमत. स्तोत्र गाईले जाई, शास्त्राचा अध्याय क्रमाने वाचला जाई आणि फिलिप हेन्री त्याचा अर्थ सोप्या शब्दांत उलगडून सांगत. आज एक उतारा, उद्या मन मानेल तो दुसरा, असे ते करीत नसत. एक पुस्तक संपले की पुढचे पुस्तक घेत. उपासना संपल्यावर काय लक्षात राहिले, हे मुलांनी सांगावयाचे असे. पुढे मुले ही स्पष्टीकरणे स्वतःच्या हाताने वह्यांत उतरवून ठेवू लागली.

या घरात मुलगा आणि मुलगी असा भेद शास्त्राभ्यासापुरता तरी नव्हता. थोरली मुलगी सारा सहा-सात वर्षांची असताना पित्याने तिच्यासाठी इब्री भाषेचे छोटे व्याकरण इंग्रजीत लिहून काढले आणि तिला ती भाषा शिकविली. इब्री स्तोत्र वाचून त्याचा अर्थ लावण्यापर्यंत तिची प्रगती झाली. हीच सारा पुढे सारा सॅव्हेज या नावाने आपल्या रोजनिशीमुळे ओळखली गेली.

वाचक बंधुभगिनींनो, आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ज्या भाष्याचे खंड जगभर गेले, त्याची पहिली पाने ब्रॉड ओकच्या बैठकीत मुलांच्या वह्यांत लिहिली गेली होती. शास्त्र क्रमाने वाचावे, काहीही न वगळता वाचावे आणि प्रत्येक भागातून आजच्या दिवसासाठी काय मिळते ते शोधावे, ही मॅथ्यू हेन्रींची सारी पद्धत पित्याची होती.

कायद्याचा विद्यार्थी, गुप्त दीक्षा

राजमान्य मंडळीच्या मतांना संमती दिल्याखेरीज ऑक्सफर्डला प्रवेश मिळत नसे आणि केंब्रिजला पदवी मिळत नसे. म्हणून १६८० साली मॅथ्यूला लंडनजवळच्या इझलिंग्टन येथे थॉमस डूलिटल यांच्या खाजगी विद्यालयात पाठविण्यात आले. परंतु त्या विद्यालयामागेही अधिकाऱ्यांचा ससेमिरा होता. मॅथ्यू घरी परतला. पाळकपदाचा मार्ग बंदच दिसत होता, तेव्हा १६८५ साली तो कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनच्या ग्रेज इन या संस्थेत दाखल झाला. त्याच वर्षी वृद्ध धर्मशिक्षक रिचर्ड बॅक्स्टर कैदेत असताना तो त्यांना भेटून आला आणि त्या भेटीचे वर्तमान त्याने पित्याला पत्राने कळविले. सेवेची किंमत काय द्यावी लागते, हे त्या तरुणाने असे जवळून पाहिले होते.

तरीही मन सेवेकडेच ओढ घेत होते. सुट्टीत घरी आला असता त्याने काही ठिकाणी उपदेश केला आणि १६८७ च्या आरंभी चेस्टर शहरातील काही कुटुंबांनी त्यास आपला पाळक होण्याची विनंती केली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये राजा दुसरा जेम्स याने राजमान्य मंडळीबाहेरच्या लोकांना उपासनेची मोकळीक जाहीर केली. पुढे ९ मे रोजी लंडनमध्ये काही प्रेस्बिटेरियन पाळकांनी मॅथ्यू हेन्रींवर हात ठेवून त्यांस दीक्षा दिली. विधी खाजगीत झाला. उद्या वारे कोणत्या दिशेने वाहील याची कोणालाच शाश्वती नव्हती. जूनच्या आरंभी चोवीस वर्षांचा हा पाळक चेस्टरमध्ये सेवेस लागला.

चेस्टरची पंचवीस वर्षे

चेस्टरच्या मंडळीने या तरुणाला नावारूपास आणले आणि त्यानेही तिच्यासाठी काही राखून ठेवले नाही. दर रविवारी सकाळी जुन्या कराराचा आणि दुपारी नव्या कराराचा भाग क्रमाने स्पष्ट केला जाई आणि त्यानंतर उपदेश होई. अशा रीतीने चेस्टरच्या लोकांनी संपूर्ण बायबलाचे स्पष्टीकरण एकाहून अधिक वेळा ऐकले. आठवड्यातील व्याख्यानासाठी त्यांनी एक निराळाच विषय घेतला, तो म्हणजे शास्त्रात विचारलेले प्रश्न. १६९२ साली सुरू झालेली ही मालिका १७१२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षे चालली. शनिवारी मुलांना प्रश्नोत्तरांचे शिक्षण दिले जाई. आजूबाजूच्या गावांत उपदेशाचे दौरे होत. ज्या किल्ल्यात पित्याने कैद भोगली होती, त्याच किल्ल्यातील कैद्यांना भेटण्यास व त्यांच्यापुढे वचन सांगण्यास मॅथ्यू हेन्री सुमारे वीस वर्षे जात राहिले. १७०० च्या ऑगस्टमध्ये मंडळीचे स्वतःचे उपासनागृह उघडले गेले आणि पुढे प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदांची संख्या ३५० च्या वर गेली.

घरात मात्र दुःखाने वरचेवर प्रवेश केला. १६८७ साली त्यांचा विवाह कॅथरीन हार्डवेअर यांच्याशी झाला होता. १६८९ च्या फेब्रुवारीत, बाळंतपणाच्या वेळी देवीच्या रोगाने कॅथरीन यांचे निधन झाले. नवजात मुलगी वाचली. पुढील वर्षी मेरी वॉरबर्टन यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. या विवाहातून नऊ मुले झाली. त्यांतील तीन मुली अगदी लहानपणी गेल्या. १६९६ च्या जूनमध्ये पिता फिलिप हेन्री प्रभूमध्ये निजले. शोकाच्या त्या दिवसांत मॅथ्यू हेन्रींनी पित्याचे चरित्र लिहावयास घेतले आणि ते १६९८ साली प्रसिद्ध झाले. त्या चरित्रामुळेच ब्रॉड ओकच्या उपासनेचे एवढे तपशीलवार चित्र आज आपल्यापुढे आहे.

१२ नोव्हेंबर १७०४

भाष्य लिहावयास त्यांनी या दिवशी आरंभ केला. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस वर्षांचे होते. आपल्या शक्तीबाहेरचे काम आपण हाती घेत आहोत, या भीतीने व नम्रतेने त्यांनी प्रार्थना केली आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावर लेखणी ठेवली. बायबलावर पुष्कळ विद्वानांनी आधीच लिहिले आहे, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. मॅथ्यू पूल व बिशप पॅट्रिक यांच्या ग्रंथांचा ते आदराने उल्लेख करतात. कठीण शब्दांचा काथ्याकूट करण्यापेक्षा प्रत्येक अध्यायाची नीट विभागणी करावी, त्यातील विचारांचा धागा दाखवावा आणि सामान्य घरातील माणसाला तो अध्याय जगता यावा, एवढेच त्यांना साधावयाचे होते.

यासाठी त्यांनी आपला दिवस कसा योजला होता ते पाहा. पहाटे पाच वाजता, कधी चार वाजताच, ते अभ्यासाच्या खोलीत असत. आठ वाजता बाहेर येऊन कुटुंबासह उपासना करीत, न्याहारी घेत आणि पुन्हा दुपारपर्यंत लिहीत. जेवणानंतर चार वाजेपर्यंत पुन्हा लेखन चाले. त्यापुढचा वेळ आजाऱ्यांच्या भेटींसाठी व मंडळीच्या इतर कामांसाठी असे. मंडळीचे एकही काम ग्रंथासाठी थांबले नाही. उलट रविवारी जे सांगितले तेच ग्रंथात अधिक नीटनेटके होऊन उतरत होते.

मोशेच्या पाच पुस्तकांवरील पहिल्या खंडाची प्रस्तावना त्यांनी २ ऑक्टोबर १७०६ रोजी लिहिली. ऐतिहासिक पुस्तकांचा खंड १७०८ मध्ये, काव्यग्रंथांचा १७१० मध्ये आणि संदेष्ट्यांचा १७१२ मध्ये सिद्ध झाला. वंशावळी, निवासमंडपाची मापे, लेवीय पुस्तकातील विधी, असे जे भाग आपण भराभर ओलांडून जातो, तेथेही त्यांची लेखणी थांबते आणि वाचकाच्या हाती काहीतरी देते. यामागे ब्रॉड ओकची सवय होती. त्या घरात कोणताच अध्याय वगळला जात नसे.

चेस्टरचा निरोप

त्यांची कीर्ती लंडनपर्यंत पोहोचली होती. तेथील मोठ्या मंडळ्यांनी त्यांना एकामागून एक आमंत्रणे दिली आणि त्यांनी ती नाकारली. शेवटी लंडनजवळच्या हॅकनी येथील मंडळीने फारच आग्रह धरला. राजधानीजवळ राहिल्यास अधिक लोकांना उपयोग होईल, छपाईवर लक्ष ठेवता येईल, असे एक मन म्हणे. ज्या लोकांनी पंचवीस वर्षे प्रेम केले त्यांना सोडून जाणे बरे नव्हे, असे दुसरे मन म्हणे. १७१० मध्ये त्यांनी होकार दिला, पण प्रत्यक्ष निघावयास १७१२ चा मे महिना उजाडला. हा निर्णय त्यांना सुखाचा झाला नाही. चेस्टरच्या लोकांचे अश्रू त्यांनी पाहिले होते आणि दरवर्षी भेटीस येण्याचे वचन त्यांनी दिले होते.

हॅकनीची मंडळी लहान होती. प्रभुभोजन घेणारे शंभरही नव्हते. १८ मे १७१२ रोजी, हॅकनीच्या पहिल्या रविवारी, त्यांनी सकाळी उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि दुपारी मत्तयाचा पहिला अध्याय स्पष्ट केला. पन्नाशीला आलेल्या, प्रकृती खालावत चाललेल्या माणसाने नवी शाळा सुरू करावी तसा त्यांनी पुन्हा आरंभापासून आरंभ केला.

याच काळातील एक प्रसंग उपदेशांतून अनेकदा सांगितला जातो. १७१३ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये उपदेश करून रात्री घरी येत असता चार चोरांनी त्यांना लुटले. या प्रसंगी त्यांनी केलेली उपकारस्तुती आज पुष्कळ अलंकारिक रूपात ऐकू येते. रोजनिशीतील नोंद त्याहून साधी आहे. चोरांनी दहा-अकरा शिलिंग नेले. एवढा प्रवास करूनही याआधी आपण कधी लुटले गेलो नाही, याबद्दल ते देवाचे आभार मानतात. मग त्यांच्या मनात चोरांचा विचार येतो. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अडीच शिलिंग आले असतील आणि तेवढ्यासाठी चौघांनी आपला जीव व आत्मा पणाला लावला, याचे त्यांना वाईट वाटते.

अखेरचा प्रवास

मुतखड्याच्या वेदना वाढत होत्या, तरी लेखन व उपदेश थांबले नाहीत. १७१४ च्या एप्रिलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांवरील भाष्य पुरे झाले आणि त्याबरोबर पाचवा खंडही. आता पत्रे व प्रकटीकरण एवढेच उरले होते.

मेच्या अखेरीस, दिलेल्या वचनाप्रमाणे ते चेस्टरच्या भेटीस निघाले. तेथील दोन रविवारी त्यांनी इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायातून देवाच्या लोकांसाठी राखून ठेवलेल्या विसाव्याविषयी उपदेश केला. २१ जून रोजी परतीच्या वाटेवर टार्पोर्लीजवळ ते घोड्यावरून पडले. आपणांस काही इजा झाली नाही असे सांगून ते पुढे गेले आणि ठरल्याप्रमाणे नॅन्टविच येथे यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायातून उपदेश केला. नेहमीचा उत्साह आज नाही, हे ऐकणाऱ्यांच्या लक्षात आले. त्या रात्री एका पाळकमित्राच्या घरी त्यांना झोप लागली नाही. २२ जूनच्या सकाळी पक्षाघाताचा झटका येऊन त्यांनी देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय एकावन्न वर्षांचे होते. तीन दिवसांनी, ज्या चेस्टरला सोडून जाताना त्यांचे मन तुटले होते, त्याच चेस्टरमधील ट्रिनिटी चर्चमध्ये त्यांना मूठमाती देण्यात आली.

इतरांनी पुरे केलेले काम

रोमकरांस पत्रापासून प्रकटीकरणापर्यंतचा भाग लिहावयाचा राहून गेला होता. मग डझनाहून अधिक पाळक पुढे आले आणि त्यांनी ही पुस्तके आपसांत वाटून घेतली. इब्री लोकांस पत्र व प्रकटीकरण हे भाग त्यांचे मित्र विल्यम टाँग यांनी घेतले. मॅथ्यू हेन्रींचे पहिले चरित्रही टाँग यांनीच १७१६ साली प्रसिद्ध केले. गलतीकरांस पत्रावर जोशुआ बेझ यांनी लिहिले. वाचताना फरक जाणवतो. शेवटच्या खंडात हेन्रींची ती चटपटीत, म्हणींसारखी लक्षात राहणारी वाक्ये कमी सापडतात. परंतु एका माणसाचे अपुरे काम इतक्या जणांनी आपले मानून पुरे केले, यात मंडळीचे खरे स्वरूप दिसते.

पुढच्या पिढ्यांनी या ग्रंथास फार मान दिला. जॉर्ज व्हाइटफील्ड गुडघे टेकून बायबल वाचीत, तेव्हा हे भाष्य त्यांच्यासमोर असे. जॉन वेस्ली यांनी जुन्या करारावरील आपल्या टिपांसाठी त्याचा भरपूर आधार घेतला. चार्ल्स स्पर्जन यांनी आपल्या विद्यार्थ्यांना ते निदान एकदा तरी आरंभापासून शेवटपर्यंत वाचून काढण्याचा आग्रह केला.

अर्थात ग्रंथाच्या मर्यादाही आपण ओळखल्या पाहिजेत. तीनशे वर्षांत प्राचीन हस्तलिखिते सापडली, उत्खनने झाली, बायबलच्या काळातील भाषांचे ज्ञान वाढले. मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्या १९४७ पासून पुढे हाती आल्या. शब्दांचा नेमका अर्थ किंवा इतिहासाचा तपशील हवा असेल, तर आजचे भाष्यग्रंथच पाहावेत. रोमन कॅथलिक व यहूदी बांधवांविषयी त्यांनी काही ठिकाणी जो कठोर सूर लावला आहे, तो त्यांच्या काळाचा आहे, आणि आपण तो पुढे चालवू नये. परंतु वाचलेला अध्याय आज माझ्या घरात काय मागतो, हे विचारावयास शिकविणारा असा सोबती क्वचितच मिळेल.

आपल्या घरातील दिवा

प्रिय वाचक, आपण नागपुरात असा, बेळगावात असा, इंदुरात किंवा दिल्लीत असा, आपल्यापैकी बहुतेकांना मोठ्या ग्रंथालयाची सोय नाही. मराठी मंडळीपासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना तर आपल्या भाषेतील उपासनाही आठवड्यातून एकदा मिळणे कठीण. अशा वेळी ब्रॉड ओकच्या त्या घराकडे पाहावे. व्यासपीठ हिरावून घेतलेल्या एका बापाने रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या मुलांपुढे शास्त्र उघडले, एक अध्याय वाचला, त्याचा अर्थ सांगितला आणि काय समजले ते मुलांना विचारले. आपण कोणा भाष्यकाराला घडवीत आहोत, हे त्याला कोठे ठाऊक होते?

आज सायंकाळी जेवणानंतर एक अध्याय उघडावा. उद्या त्याच्या पुढचा घ्यावा. मुलांच्या हाती वही द्यावी, मुलींच्या हाती तर अवश्य द्यावी. काही दिवस खंड पडेल, पाहुणे येतील, परीक्षा येतील. जेथे थांबलो तेथूनच पुन्हा सुरुवात करावी. सारे शास्त्र आपल्या हयातीत वाचून होईलच असे नाही. मॅथ्यू हेन्रींचेही लिहून झाले नाही. उरलेले पुढे नेणारे हात प्रभूने त्यांना दिले, तसे तो आपणांसही देवो.